लिबर्टी ॲव्हेन्यूवरचे रोटीचे दुकान: डाल पुरी, डबल्स आणि भिंतीवरचा रोहन कन्हाय

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ए गाडी लेफर्ट्स बुलेव्हार्ड स्थानकात येऊन थांबते आणि तिचा मार्ग तिथेच संपतो. जिना उतरून लिबर्टी ॲव्हेन्यूने पूर्वेकडे चालू लागले, की साड्यांची, पूजासाहित्याची आणि दागिन्यांची दुकाने लागतात. पाट्यांवर सिंग, परसौद, रामदीन अशी नावे दिसतात, परंतु ही माणसे भारतातून थेट इथे आलेली नाहीत. त्यांचे पूर्वज 1838 पासून ब्रिटिश गयानात आणि 1845 पासून त्रिनिदादमध्ये उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेले गेले. त्यांतले बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते आणि कोलकात्याच्या बंदरातून जहाजात चढले होते. त्यांच्या वंशजांनी पुढे पुन्हा एकदा घर सोडले आणि रिचमंड हिलला आजचे रूप दिले. लिबर्टी ॲव्हेन्यू आणि लेफर्ट्स बुलेव्हार्डच्या चौकाला 2021 साली 'लिटल गयाना ॲव्हेन्यू' हे नावही अधिकृतपणे मिळाले.

या रस्त्यावरच्या एका रोटीच्या दुकानाविषयी मला लिहायचे आहे. शनिवारच्या गर्दीला आताच पुरे पडता येत नाही, त्यामुळे नाव छापू नये अशी मालक पती-पत्नींची विनंती आहे आणि ती मी पाळते आहे. स्थानकापासून चालत थोड्याच अंतरावर, दारात लाल आणि पिवळ्या झेंड्या रोवलेले, आत शिरताच डाव्या हाताला मोठा तवा दिसणारे दुकान शोधले तर ते सापडेल. मालक गयानाच्या बर्बिस भागातले, पोर्ट मोरांटजवळचे. त्यांच्या पत्नी दक्षिण त्रिनिदादच्या. गिऱ्हाईक कोणत्याही वयाचे असो, दोघांना सगळे अंकल आणि आंटी म्हणूनच हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिते.

आधी जेवणाविषयी, कारण मुळात लोक तिथे त्यासाठी जातात.

डाल पुरी हा इथला सर्वांत उत्तम पदार्थ आहे. पिवळ्या वाटाण्याची डाळ बोटचेपी शिजवतात, पाणी पूर्ण निथळू देतात, मग लसूण, तिखट मिरची आणि काळपट होईपर्यंत भाजलेले जिरे घालून ती कोरडी वाटतात. हे सारण मैद्याच्या उंड्यात भरून रोटी हातभर रुंद लाटली जाते. पुरणपोळी लाटणाऱ्या कोणालाही यातले कौशल्य सांगावे लागणार नाही, कारण सारण कडेपर्यंत पोचले पाहिजे आणि कुठेही फुटता कामा नये. आंटी तव्यावर रोटी टाकतात, तेलात बुडवलेल्या कुंच्याने दोन्ही बाजूंवरून हात फिरवतात आणि ती टम्म फुगली की लगेच उचलून कपड्यात गुंडाळतात. बाहेरचा पापुद्रा मऊ राहतो आणि आतली डाळ जिभेवर भुरभुर सुटते. बटाटा घातलेल्या चिकन करीबरोबर ही रोटी चांगली लागतेच, पण माझ्या मते ती भाजलेल्या वांग्याच्या चोक्याबरोबर खावी. वांगे, लसूण आणि वर ओतलेले कडकडीत तेल यांपलीकडे चोक्यात फारसे काही नसते, त्यामुळे डाळीतल्या जिऱ्याची चव झाकली जात नाही.

या रोटीमागे एक इतिहास आहे आणि तो अंकल तव्यापाशी उभे राहून सांगतात. 1980च्या दशकाच्या आरंभी गयानात फोर्ब्स बर्नहॅम यांच्या सरकारने परकीय चलन वाचवण्यासाठी गव्हाचे पीठ, वाटाण्याची डाळ, बटाटे यांसारख्या जिनसांची आयात बंद केली होती. ज्या समाजाचे रोजचे जेवण रोटी आणि डाळ होते, त्याला तांदळाच्या पिठावर दिवस काढावे लागले. कोरेंटाइन नदीपलीकडच्या सुरिनाममधून चोरून आणलेले पीठ लोक रात्री दारे लावून मळत, कारण ते घरात सापडले तर शिक्षा होत असे. अंकल त्याच काळात देश सोडून न्यूयॉर्कला आले. पिठाचे पोते दुकानाच्या दर्शनी भागात, सर्वांना दिसेल असेच ठेवायचे, हा त्यांचा नियम आहे. नव्या गिऱ्हाइकाला ती अव्यवस्था वाटेल. मला ते पोते आता तिथे असलेच पाहिजे असे वाटते.

डबल्स हा आंटींच्या माहेरचा पदार्थ. हळद घातलेल्या आंबवलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले बारे, त्यांवर सरबरीत छोले, चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि मिरचीचा तिखट रस, एवढे सगळे कागदात गुंडाळून हातात देतात आणि ते उभ्यानेच खायचे असते. इथले बारे तेलकट नसतात, छोले मात्र कधीकधी अळणी निघतात. तिखट किती हवे ते विचारतात, तेव्हा मराठी माणसानेही पहिल्यांदा 'थोडे' असेच सांगावे, कारण स्कॉच बॉनेट मिरचीचा झणका लवंगीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे आणि तो उशिरा जाणवतो. फुलोरी, म्हणजे डाळीच्या पिठाची भजी, आंबट कैरीच्या चटणीबरोबर मिळते आणि ती गरम असतानाच खावी. बदकाची करी फक्त शनिवार-रविवारी असते. हाडांसकट तुकडे आणि दाट रस असलेली ती करी हे दुकानाचे दुसरे वैशिष्ट्य आहे. पेपरपॉट हा गयानाच्या मूळ आदिवासींचा पदार्थ. कसाव्याच्या रसाचा आटवून काळा केलेला कॅसरीप घालून मांस तासन् तास शिजवतात, आणि तो नाताळच्या सुमारास जरूर मागावा. पेयांमध्ये लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत आले-लवंग घालून सुरेख करतात. मॉबी हे झाडाच्या सालीचे कडसर पेय मला अजून आवडलेले नाही.

आता भिंतीविषयी.

टेबले मोजकीच आहेत आणि त्यांच्यामागची संपूर्ण भिंत क्रिकेटच्या छायाचित्रांनी भरलेली आहे. अमेरिकेतल्या कितीतरी भारतीय उपाहारगृहांत मी क्रिकेटपटूंची छायाचित्रे पाहिली आहेत. ती बहुधा शोभेची असतात, कोणीतरी एकदा विकत आणून टांगलेली. इथली मांडणी वेगळी आहे. मध्यभागी वेस्ट इंडीजचा फलंदाज रोहन कन्हाय हूकचा फटका मारता मारता पाठीवर आडवा झालेला आहे, बॅट अजून हवेत. त्याच्याभोवती बेसिल बुचर, जो सॉलोमन आणि आल्विन कालिचरण आहेत. हे चौघेही पोर्ट मोरांटचे, एका साखरमळ्याच्या गावचे. ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हती. बार्बाडोसचे क्रिकेटपटू क्लाइड वॉलकॉट 1954 मध्ये साखर उत्पादकांच्या संघटनेच्या नोकरीवर गयानात आले आणि त्यांनी मळ्यामळ्यांवरच्या मुलांना हेरून, शिकवून राष्ट्रीय संघाच्या वाटेवर आणले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, 1958-59च्या भारत दौऱ्यात, कन्हाय, बुचर आणि सॉलोमन हे तिघेही वेस्ट इंडीजच्या संघात होते, आणि कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कन्हायने 256 धावा केल्या. ज्या शहराच्या बंदरातून त्याच्यासारख्यांच्या पूर्वजांना जहाजात चढवले गेले, त्याच शहरात ही खेळी व्हावी, याचा उल्लेख अंकल प्रत्येक नव्या गिऱ्हाइकापाशी करतात, आणि तो करताना त्यांचा आवाज बदलतो.

भिंतीचा डावा कोपरा आंटींचा आहे. तिथे टोपी घातलेला आणि बाह्यांची बटणे मनगटापर्यंत लावलेला सनी रामाधीन आहे. भारतीय वंशाचा तो वेस्ट इंडीजचा पहिला कसोटीपटू. 1950च्या लॉर्ड्स कसोटीत त्याने 11 बळी घेतले आणि वेस्ट इंडीजने इंग्लंडला त्यांच्या भूमीवर पहिल्यांदा हरवले. त्याच्या शेजारी, पांढऱ्या टोपीतला, सुनील गावस्कर. वेस्ट इंडीजच्या खेळाडूंच्या भिंतीवर हा एकच भारतीय का, असे मी विचारले तेव्हा आंटींनी 1976च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीची गोष्ट सांगितली. त्या तेव्हा शाळकरी मुलगी होत्या आणि वडील व भाऊ यांच्याबरोबर क्वीन्स पार्क ओव्हलवर गेल्या होत्या. भारताने चौथ्या डावात 4 बाद 406 धावा करून सामना जिंकला. गावस्कर आणि विश्वनाथ दोघांनी शतके केली. घरी परतताना वडील आनंदात होते आणि भाऊ रडत होता. एकाच घरातल्या दोघांनी एकाच बाकावर बसून पाहिलेल्या सामन्याने बापाला आजोबांचा देश जिंकल्याचे सुख दिले आणि मुलाला स्वतःचा देश हरल्याचे दुःख. दोघांपैकी कोणीही खोटे नव्हते, असे आंटी म्हणतात. अंकलचे मत यावर ठाम आहे. भारत समोर असला तरी ते वेस्ट इंडीजचेच. गावस्करनेच आपल्या मुलाचे नाव कन्हायवरून रोहन ठेवले, मग आम्ही कोणाच्या बाजूने असावे हा प्रश्न कशाला, असे ते विचारतात.

आम्हा मुंबईकरांना भारतीय संघाचा 1971चा वेस्ट इंडीज दौरा घरातल्या गोष्टीसारखा ऐकवला गेलेला असतो. अजित वाडेकरांचे नेतृत्व, पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत 774 धावा करणारा गावस्कर, आणि मडगावला जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंच्या 642 धावा. ती कथा आपण विजयाची म्हणून सांगतो. या दुकानात बसून मला तिची दुसरी बाजू पहिल्यांदा ऐकायला मिळाली. स्वतःचा वेस्ट इंडीजचा संघ हरत असताना पोर्ट ऑफ स्पेनच्या लोकांनी गावस्करवर गाणे रचले आणि ते आवडीने गायले. क्वीन्स पार्क ओव्हलवर त्याने पुढे-मागे मिळून चार कसोटी शतके केली आणि तिथला प्रेक्षक त्याला आजही आपला मानतो. परक्या फलंदाजाला इतके मनापासून स्वीकारणारा प्रेक्षक हाच कॅरिबियन क्रिकेटचा खरा ठेवा आहे, आणि अंकल-आंटींच्या बोलण्यातून तो जितका कळतो तितका विक्रमांच्या पुस्तकातून कळत नाही.

भिंतीबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी त्यांनाही सांगितली आहे. तिथे सुभाष गुप्ते नाहीत. मुंबईत जन्मलेले, 36 कसोटींत 149 बळी घेणारे, 1958 मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे 102 धावांत 9 गडी बाद करणारे हे लेगस्पिनर त्रिनिदादच्या मुलीशी लग्न करून पुढे तिथेच स्थायिक झाले आणि 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्येच निवर्तले. लोक त्यांना 'फर्गी' म्हणत, त्रिनिदादच्या विल्फ फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून. भारत आणि कॅरिबियन यांच्यातली वाट सक्तीने तुडवली गेली होती, तीच वाट एका मराठी माणसाने स्वेच्छेने आणि प्रेमाने पत्करली. रामाधीन आणि गावस्कर यांच्यामध्ये एक रिकामी जागा आहे. आंटींनी मान्य केले आहे की ती गुप्त्यांची आहे.

क्रिकेट जगभर का पसरले, या प्रश्नावर अंकलचे म्हणणे मी इथे सविस्तर देते, कारण ते माझ्या मनात राहिले आहे. 2024च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी इथून जवळच, लाँग आयलंडवरच्या आयझेनहॉवर पार्कमध्ये 34,000 प्रेक्षकांचे तात्पुरते मैदान उभारले होते. 9 जूनला तिथे भारत-पाकिस्तान सामना झाला, स्पर्धेतले तिथले सामने आटोपले आणि बैठका उचलून नेल्या. वर्तमानपत्रांनी लिहिले की क्रिकेट अमेरिकेत आले. अंकलना हे वाक्य लागते. न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांचा सामना 1844 मध्येच झाला होता, आणि ब्राँक्सच्या व्हॅन कोर्टलँड पार्कपासून क्वीन्सच्या बेझली पाँड पार्कपर्यंत दर उन्हाळ्यात जमैका, गयाना, त्रिनिदाद, बार्बाडोसची माणसे कित्येक वर्षे खेळत आली आहेत. रात्रपाळी करून आलेला बसचालक, रुग्णालयातला परिचारक, बांधकामावरचा मजूर हे सगळे शनिवारी पांढरे कपडे घालून मैदानावर हजर होतात. खेळपट्टीची चटई स्वतः अंथरतात, आणि दुपारी या दुकानातून रोट्यांची खोकी मागवली जातात. अंकलच्या मते खेळ आधी अशाच माणसांच्या सामानातून जातो, प्रक्षेपणाचे हक्क विकणारे त्याच्या मागाहून येतात. पटण्याजोगे उदाहरण आपल्याच गावचे आहे. त्या विश्वचषकात डॅलसला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून देणारा आणि 12 जूनला याच तात्पुरत्या मैदानावर कोहली व रोहित शर्मा यांना बाद करणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईत क्रिकेट शिकला आणि अमेरिकेत संगणक अभियंता म्हणून नोकरी करत खेळत राहिला.

एका गोष्टीची चिंता मात्र अंकल लपवत नाहीत. वेस्ट इंडीज हा देश नाही. 1958 मध्ये बेटांनी मिळून संघराज्य करून पाहिले, ते 1962 मध्ये मोडले, आणि गयाना तर त्यात सामीलच नव्हता. तरीही क्रिकेटचा संघ एक राहिला. इंग्रजी बोलणाऱ्या या बेटांना आणि मुख्य भूमीवरच्या गयानाला एकत्र आणणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली लोकांना सर्वांत जवळची हीच. आता 2028च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येते आहे आणि जगभर त्याचा आनंद साजरा होतो आहे. पण ऑलिंपिकमध्ये प्रत्येक देशाची समिती वेगळी असल्यामुळे वेस्ट इंडीज या नावाने संघ उतरू शकत नाही. 1998च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बार्बाडोस, जमैका आणि अँटिग्वा असेच सुटे खेळले होते. खेळ जितका जागतिक होईल तितकी ही एकजूट अडचणीची ठरेल की काय, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. ज्या संघाने हा खेळ जगाला सर्वांत देखणा करून दाखवला, त्याच्यासाठी नियमात वाट काढता येऊ नये, याचे मलाही वाईट वाटते.

भिंतीवरचे सर्वांत नवे छायाचित्र शमार जोसेफचे आहे. बर्बिसमधल्याच कांजे नदीकाठच्या बाराकारा या गावचा हा मुलगा, काही काळ सुरक्षारक्षकाची नोकरी केलेला. जानेवारी 2024 मध्ये आदल्या दिवशी पायाच्या बोटावर यॉर्कर बसलेला असतानाही त्याने ब्रिस्बेनला 68 धावांत 7 बळी घेतले आणि वेस्ट इंडीजने 8 धावांनी सामना जिंकला. ऑस्ट्रेलियातला त्यांचा 1997 नंतरचा हा पहिला कसोटी विजय. त्याच्या आदल्या वर्षी हा संघ एकदिवसीय विश्वचषकाला पात्रसुद्धा ठरला नव्हता. त्या रात्री दुकान बंद झाले नाही, असे शेजारच्या बेकरीवाल्या बाईंनी मला सांगितले.

उणिवाही सांगायला हव्यात. बसायची जागा फार अपुरी आहे आणि सामना चालू असताना टेबलावर आधीपासून बसलेली मंडळी उठत नाहीत, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी अशा दिवशी बांधून घेण्याचाच विचार करावा. मोठ्या सामन्याच्या दिवशी जेवण यायला बराच वेळ लागतो, आणि एकदा आमची भाजी विसरलीच गेली. अर्थात ती नंतर पैसे न घेता दिली. आवाज मोठा असतो. फक्त रोख पैसे चालतात. शाकाहारी माणसाला डाल पुरी, चोका, भोपळ्याची भाजी, चवळीच्या लांब शेंगा आणि डबल्स एवढे नक्की मिळते, परंतु तळण्याचे तेल वेगळे असते का, हे विचारून घ्यावे. गोडात अननसाचा मुरंबा भरलेला तिकोनी पाइन टार्ट चांगला आहे, बाकीचे केक माझ्या मते फार गोड. दोन माणसांचे पोटभर जेवण 40 डॉलरच्या आत होते आणि त्या मानाने वाढणी सढळ आहे.

जायचे असेल तर शनिवारी सकाळी अकराच्या आत जावे, कारण डाल पुरी दुपारपर्यंत संपते आणि बदकाची करी त्याच्याही आधी. भारतातून आईवडील आले असतील तर त्यांना आवर्जून न्यावे आणि भिंतीसमोरच्या टेबलावर बसवावे. 1971 किंवा 1976 आठवणारे कोणी गिऱ्हाईक आले की अंकल तवा आंटींवर सोपवून समोर येऊन बसतात. रोट्या घरी न्यायच्या असतील तर कपड्यात गुंडाळून मागाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून त्या चिकटतात. दुसऱ्या दिवशी गरम करायच्या झाल्या तर तव्यावरच, तेलाचा हात न लावता, मंद आचेवर कराव्यात. मायक्रोवेव्हमध्ये डाळ कोरडी पडते.